पेठा पाहाव्यात जोत्यापासून

पुण्याच्या पेठांमधून जुन्या वास्तू बघत फिरायचं म्हटलं की बहुतेक सगळे शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात. भेटायला सोपी जागा, चहाची सोय, फोटोला दिल्ली दरवाजा. पण वास्तू समजून घ्यायची असेल तर हा क्रम नेमका उलटा आहे. तटाच्या आत आज उरली आहेत ती प्रामुख्याने जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे. १८२८च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने लाकूडकाम खाल्लं, आणि वाडा म्हणजे मुळात लाकूडकामच. नुसत्या जोत्याकडे पाहून काही कळायचं तर त्यावर काय उभं असतं हे आधी डोळ्यांत बसलेलं हवं. नाहीतर माणूस तिथे हिरवळ बघतो, दोन दंतकथा ऐकतो आणि परत येतो.

म्हणून सुरुवात सगळ्यात लहान घरापासून करावी. गंज पेठेतला फुलेवाडा, तिथून मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, बुधवार पेठ, कसबा, तांबट आळी, सोमवारातला त्रिशुंड गणपती आणि सरतेशेवटी शनिवारवाडा. अंतर साधारण पाच किलोमीटर. नुसतं चाललं तर सव्वा तास, बघत गेलं तर चार तासही पुरत नाहीत. सकाळी सातच्या आत निघावं. दहानंतर दुकानांपुढचे ताडपत्रीचे पडदे आणि टांगलेला माल यांच्यामागे तळमजले गायब होतात, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघण्याची चैन परवडत नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि उत्सवाचे दहा दिवस टाळावेत, कारण मांडवांमुळे निम्मे दर्शनी भाग झाकलेले असतात. पाऊस मात्र टाळू नये. इमारत कुठे गळते, पन्हळ कुठे संपते, पाणी भिंतीवर कुठे ओघळतं हे आषाढात जितकं स्वच्छ दिसतं तितकं कोरड्या दिवसांत दिसत नाही. फक्त शहाबादी फरशीवर पाय जपून टाकावा.

आठ-दहापेक्षा जास्त माणसं नेऊ नयेत. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणजे आत शिरायची मुभा मिळाली असं नव्हे. आत कोणाच्या तरी मुलांची दूध-दप्तराची घाई चाललेली असते. हाक मारून विचारावं, नाही म्हटलं तर पुढे जावं. जवळ मोजपट्टी असावी आणि शक्य असेल तर छोटी दुर्बीण, कारण या भागात बघण्यासारखं बरंच काही पहिल्या मजल्याच्या वर आहे.

फुलेवाडा हे बैठं, कौलारू घर. आजची वास्तू दुरुस्त करून जतन केलेली आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येक लाकडाचं वय विचारत बसण्यात अर्थ नाही. इथे एकच गोष्ट शिकायची: खण. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि पुण्यातल्या जुन्या घरांत तो साधारण ५ ते ८ फुटांच्या दरम्यान असतो. हा आकडा हौसेने ठरलेला नाही. सागाची तुळई किती लांब मिळते, ती किती वजन पेलते, बैलगाडीवरून ती आणायची कशी आणि चार माणसांनी उचलून खांबांवर चढवायची कशी, या सगळ्याचं ते उत्तर आहे. एकदा खण ठरला की घर ठरलं. ओसरी एक खण रुंद, माजघर दोन खण, दिवाणखाना मधल्या खांबांच्या दोन रांगा धरून तीन खण रुंद आणि लांबीला पाच, सात, नऊ असे जितके झेपतील तितके. जुन्या पुण्यात खोल्या भाड्याने देतानासुद्धा दोन खणांची खोली, तीन खणांची खोली अशीच भाषा होती. चौरस फूट फार उशिरा आले. पेठेतल्या जुन्या खोल्या अरुंद आणि लांबट का, याचं कारण सुताराकडे शोधावं, घरमालकाच्या कंजूषपणाकडे नंतर.

खणाची रचना समजून घ्यायला एकच खांब नीट पाहिला तरी पुरे. खाली दगडी तळखडा. तो असतो म्हणूनच लाकूड जमिनीतली ओल शोषत नाही. तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर आडवा लग, लगावर तुळई, तुळईवर साधारण फूट-सव्वा फुटावर एक अशा कड्या, म्हणजे आडव्या बारीक तुळया, कड्यांवर फळ्या किंवा पाट. खालून दिसतं ते कडीपाट, वरून त्यावर मातीचा थर आणि त्यावर जमीन. खांबाच्या डोक्यावर कुसू, म्हणजे खुंटीसारखं टोक, काढून तो लगाच्या खाचेत बसवलेला असतो. या मुख्य जोडात खिळ्यावर भिस्त नसते. लगाचं काम दुहेरी. तुळईचा जोड खांबाच्या डोक्यावर आला तर तिला टेकायला लांब जागा मिळते, आणि दोन्ही बाजूंना लग हातभर पुढे आल्याने तुळईचा मोकळा पल्ला तेवढाच कमी होतो. भिंती या सांगाड्याच्या मधल्या आणि भोवतालच्या. त्या जाड असतात, दोन फूट, कधी अडीच-तीन. खाली विटा, वरच्या मजल्यांवर अनेकदा पांढरी माती. घराचं वजन मुख्यतः लाकूड पेलतं, भिंत त्याला सावरून धरते. जाडीचा उपयोगही पुरेपूर करून घेतलेला: कोनाडे, फडताळं, दाराचा अडसर सरकवून ठेवायची खोबण आणि कित्येक वाड्यांत भिंतीच्या पोटातून वर जाणारा जिना.

फुलेवाड्यात आणखी एका गोष्टीची खूणगाठ बांधून घ्यावी. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. समाजसुधारणेच्या इतिहासातली ही घटना वास्तूच्या इतिहासातही तितकीच मोलाची आहे, कारण खणानंतर पेठांना आकार देणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९-५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळातून शहरात आणलं गेलं. पंप नाही, दाब देणारं यंत्र नाही, सगळा कारभार उताराचा. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास, गाळ बसावा म्हणून टाक्या, आणि शहरात आल्यावर हौद. उताराचं पाणी जमिनीखालून येतं, म्हणून हौदात पायऱ्या उतरून जावं लागतं. जमिनीच्या वर ते आपोआप चढणार नाही. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद, पंचहौद ही नावं आज रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली असली तरी ती या जाळ्याच्या खुणा आहेत. नळाच्या वाटेवर कोणाचा वाडा येतो, खासगी हौद कोणाला मिळतो, सार्वजनिक हौदावर कोणी पाणी भरायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, यावर पेठेचा नकाशा आणि पेठेची उतरंड दोन्ही बेतलेली होती. वाडासंस्कृतीबद्दल उमाळ्याने बोलणाऱ्यांनी या हौदापाशी थोडा वेळ थांबावं, एवढंच.

तिथून मंडई. महात्मा फुले मंडई म्हणून आज ओळखली जाणारी ही इमारत १८८६ची, मूळ नाव रे मार्केट. मधला अष्टकोनी मनोरा, त्याला येऊन भिडणाऱ्या आठ पाकळ्या, दगडी कमानी आणि कौलारू छप्पर. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या बाजाराच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव त्यांचंच मिळालं. पुणेकर हे विनोदाने सांगतात. त्यात विनोद आहेच. वास्तू म्हणून इथे बघायचं ते छप्पर. आत उभं राहून वर पाहिलं की फुलेवाड्यात शिकलेला खण इथे मोडीत निघालेला दिसतो. छप्पर कैच्यांवर, म्हणजे तिकोनी सांगाड्यांवर, आहे, त्यामुळे खालची जागा दर सात फुटांवर खांब न येता मोकळी मिळते. बाजाराला ती हवीच असते, टोपल्या, गाळे आणि माणसं मावायला. शतकभरापूर्वीच्या पुण्यात घर आणि सार्वजनिक इमारत यांच्यात पडलेला फरक या छपराखाली जितका सरळ कळतो तितका दुसरीकडे नाही.

मंडईच्या उत्तरेला तुळशीबाग. गर्दीच्या वेळी इथे वास्तू बघायला येणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. सकाळी मात्र राममंदिराचं आवार मोकळं असतं. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१मध्ये हे काम सुरू केलं. शिखर विटा-चुन्याचं आहे आणि त्यावरच्या कोनाड्यांतल्या मूर्ती चुनेगच्चीच्या. दगडात कोरलेल्या आणि चुन्यात घडवलेल्या मूर्तीतला फरक दुर्बिणीतून लगेच कळतो: चुन्याच्या मूर्तीच्या कडा मऊ असतात, रंगांचे थर चढत गेल्याने नाकडोळे बुजत जातात, आणि कुठे पोपडा उडाला असेल तर आतली वीट दिसते.

चुन्याबद्दल इथेच बोलून घेतलेलं बरं, कारण पुढे जे जे ढासळलेलं दिसेल त्याचं निम्मं कारण चुना सोडून दिल्यात आहे. भाजलेली चुनकळी पाण्यात विरवायची, काही दिवस मुरवायची, वाळू घालून बैल जुंपलेल्या घाण्यात मळायची, बांधकामाप्रमाणे त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी, गिलाव्यासाठी तागाचे तुकडे घालायचे, असा हा खटाटोप. चुना सावकाश घट्ट होतो, थोडा लवचीक राहतो आणि ओल आरपार जाऊ देतो. मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीत जमिनीतून, पावसातून ओल शिरणारच. ती चुन्याच्या गिलाव्यातून उन्हाळ्यात उडून जाते. याच भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. पहिली दोन वर्षं भिंत नवीकोरी दिसते, मालक खूश. मग खाली लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो, गिलावा पोकळ वाजू लागतो, आणि भिंत पोट काढते. सगळ्यात वाईट गोष्ट डोळ्यांआड घडते: तुळईची आणि कड्यांची टोकं त्या ओल्या भिंतीत रुतलेली असतात.

रस्त्यात कुठे अर्धा पाडलेला वाडा दिसला तर भिंतीतून बाहेर आलेलं तुळईचं टोक जवळून बघावं. मधला भाग दोनशे वर्षांनीही टणक, ठोकला तर खणखणीत वाजणारा. भिंतीत होतं ते शेवटचं वीतभर लाकूड मात्र काळपट, भुसभुशीत, चौकोनी भेगांनी चिरलेलं, नखाने खरवडलं तरी भुगा होणारं. वाळवी या जागी नंतर येते. आधी कोंडलेल्या ओलीने बुरशी धरते आणि लाकूड मऊ पडतं. सगळी तुळई धडधाकट असताना तिचं टेकायचं टोकच गेलं की मजला खचतो, आणि मग अहवालात लिहितात की लाकूड जीर्ण झालं होतं. जाणता सुतार अशा वेळी सडका तुकडा कापून तिथे नवं सागवान जोडतो किंवा भिंतीलगत नवा खांब देऊन तुळईला अलीकडे टेकू देतो, आणि टोकाभोवती हवेसाठी फट ठेवून चुन्यात बांधकाम करतो. हे काम वाडा पाडण्यापेक्षा स्वस्त असतं, पण ते करणारी माणसं कमी आहेत आणि पाडणारी भरपूर.

बाजीराव रस्त्यावर आलं की विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला. १८२१मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, याच आगीच्या सत्रात बुधवारवाडा तर पुरता गेला. इथला दर्शनी भाग समोरच्या पदपथावरून बघावा, जवळून मान मोडते. पहिल्या मजल्याचा पुढे आलेला सज्जा, सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्या बुंध्याशी पानांचं कोरीवकाम, माथ्याशी केळफुलं आणि दोन खांबांमध्ये महिरपी. आता एक गंमत. महिरप पाहिली की वजन ती पेलते असं वाटतं, कारण दगडी कमान तसंच करते. इथली महिरप मात्र खांबांमध्ये बसवलेल्या कोरीव फळ्या आहेत. वजन त्यांच्या वरून तुळईतून जातं. महिरप काढून घेतली तरी सज्जा पडणार नाही. खांब काढला तर मात्र सगळंच खाली. कोरीवकामाचे फोटो काढून झाल्यावर हा वजनाचा रस्ता बोटाने हवेत रेखून बघावा: छप्पर, वासे, तुळई, लग, खांब, तळखडा, जोतं. पेठेतल्या कुठल्याही वाड्यासमोर हाच खेळ खेळता येतो, आणि तो कुठे अडतो तिथे काहीतरी बदललेलं असतं.

बहुतेक वेळा तो तळमजल्यावर अडतो. दुकानाला रुंद तोंड हवं म्हणून मधला एखादा खांब काढून लोखंडी गर्डर घातलेला असतो. गर्डर स्वतः वाकत नाही, पण त्याची दोन टोकं मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर टेकलेली असतात, आणि पूर्वी तीन-चार खांबांतून जोत्यात उतरणारं वजन आता त्या वीतभर जागेवर येतं. तिथल्या विटा चिरडतात. शटरच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग, वरच्या मजल्यावरच्या न लागणाऱ्या खिडक्या, सज्जाच्या कठड्याची मध्ये झोळ पडलेली रेघ ही त्याची लक्षणं. कठड्याची रेघ हे सगळ्यात प्रामाणिक लक्षण, कारण भेगा लिंपता येतात, रेघ सरळ करता येत नाही.

दुसरं दुखणं मोरीचं. वाडा एका कुटुंबाचा होता तेव्हा न्हाणीघर मागे, जमिनीवर. पुढे भाडेकरू आले, एकेका बिऱ्हाडाला दोन-तीन खण मिळाले, आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीची मोरी झाली. कड्यांवरच्या मातीच्या थरावर रोज बादल्यांनी पाणी. फरशीच्या सांध्यातून ते झिरपतं ते थेट कोपऱ्यातल्या कड्यांच्या टोकांवर. भाडं गोठलेलं, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. घर आपलं नाही, म्हणून भाडेकरू करत नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने लाखो लोकांना डोक्यावर छप्पर राखून दिलं हे खरंच, त्याच छपराची कौलं फिरवायला मात्र कोणी उरलं नाही. एक कौल सरकलं की खालची रीप कुजते, मग वासा, मग पाणी भिंतीच्या डोक्यावर पडतं आणि मातीची भिंत वरून आत उतरू लागते. वळचणीला पिंपळ उगवतो. तो बाहेरून छाटला की मुळं आत जाडच होतात. मुळासकट काढून पोकळी चुन्याने भरल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. कौलांऐवजी पत्रे टाकतात तेव्हा छपराचा पुढे आलेला भाग बहुधा कापून टाकतात, आणि पूर्वी भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडणाऱ्या पागोळ्या आता भिंतीवरूनच वाहतात.

बुधवार पेठेत शिरताना भिडेवाड्याची जागा लागते. १८४८मध्ये मुलींची शाळा भरली ती इथे. वाडा २०२३च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हावं याबद्दल दुमत नाही. पण ज्या खोलीत शाळा भरत होती तिचा खण किती, खिडकी कुठे, दाराचा उंबरठा किती उंच, हे आता मोजता येणार नाही. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद याच वाटेवर. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी काशी या आपल्या मुलीच्या स्मृतीसाठी तो बांधला.

बुधवारातून कसब्याकडे जाताना इमारतींचं वय ओळखायचा सराव करावा. नळीची कौलं जुनी. चपटी मंगलोरी कौलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची, कारण मंगळूरला ती भाजू लागले तेच १८६०च्या दशकात. पेशवाई वीट पातळ, दीड-दोन इंचांची. जाड, ठोकळेबाज वीट इंग्रजी अमलातली. ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे, शहाबादी फरशी, रंगीत काचा हा सगळा ऐवज रेल्वेच्या मागोमाग पसरलेला. गर्डरवर कारखान्याचं नाव उठवलेलं असलं तर ते वाचावं. सिमेंटचे गोलसर कोपरे, छज्ज्यांच्या समांतर रेघा आणि माथ्यावर ॐ व सन असेल तर १९३०-४०चं दशक. एकाच घरावर यातल्या चार गोष्टी सापडणं सर्रास आहे. खालचं जोतं पेशवाईतलं, मधला मजला टिळकांच्या काळातला, वरचा पत्रा परवाचा. अशा घराला शुद्ध नाही म्हणून नाक मुरडणारे अभ्यासक असतात. त्यांना तसं करू द्यावं.

कसब्यात आल्याची खूण पायांना आधी कळते. पेशवाईत वसवलेल्या किंवा वाढवलेल्या पेठांत रस्ते बऱ्यापैकी सरळ आहेत, कसब्यात ते वळतात, अरुंद होतात, चढतात. ही वस्ती त्याहून जुनी. कसबा गणपती, थोडं अलीकडे लाल महाल. आजचा लाल महाल गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात महापालिकेने उभारलेला आहे, तेव्हा जिजाबाई आणि शिवाजीराजे यांच्या वास्तव्याची जागा म्हणून तिथे जरूर थांबावं, सतराव्या शतकातलं बांधकाम शोधू नये. तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी ही कसब्यातली नावं कामावरून पडलेली. तांबट आळीतलं घर वाड्याहून अगदी वेगळं: चौक असला तर नखाएवढा, रस्त्याला लागून कामाची पडवी, वर राहती खोली. पडवीची जमीन रस्त्याच्या पातळीला, कारण माल सतत आत-बाहेर करायचा. वाड्याचं उंच जोतं इथे परवडण्यासारखं नव्हतं आणि सोयीचंही नव्हतं. मठारकामाचा, म्हणजे भांडी ठोकण्याचा, आवाज नऊनंतर सुरू होतो, आणि त्या अरुंद बोळात तो दोन्ही भिंतींवर आपटत राहतो. पेठेत श्रीमंताचं घर रस्त्याला पाठ करून आत चौकाकडे तोंड करतं, कारागिराचं घर रस्त्यावरच उघडतं, हा फरक इथे पंचवीस पावलांत दिसतो.

नदीकडच्या या भागात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर विसरून चालत नाही. पाण्यात मातीच्या भिंती विरघळून बसल्या. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांच्या नदीकाठच्या पट्ट्यात आज वाडे इतके विरळ का, याचं एक मोठं उत्तर त्या दिवसात आहे. बिल्डर पुढे आलेच, पण त्या वेळी सुरुवात पाण्याने केली.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती वाटेपासून जरा बाजूला आहे, तरी चुकवू नये. भीमजीगिरी गोसावी यांनी १७५४मध्ये सुरू केलेलं आणि १७७०मध्ये पुरं झालेलं हे काळ्या दगडातलं देऊळ. तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. दर्शनी भिंतीवर हत्ती कोरले आहेत, आणि गेंड्याला साखळीने बांधणारे गोरे शिपाईही. लाकडाच्या शहरात हा दगडी अपवाद, आणि म्हणूनच फायद्याचा: इथे कोपरे धारदार आहेत, काहीही झुकलेलं नाही, ओल आहे पण तिने काही बिघडवलेलं नाही. तळघरात पाणी असतं.

आता शनिवारवाडा. १७३०च्या जानेवारीत पाया, १७३२च्या जानेवारीत वास्तुशांत. बाहेरून तटाची भिंत पाहावी: खाली दगड, वर पातळ विटा. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, आणि माणसांसाठी त्यात दिंडी आहे, वाकून आत यावं लागेल इतकी. आत गेल्यावर लगेच हिरवळीकडे धावू नये. आधी दरवाजावरच्या नगारखान्याकडे जावं, कारण उभे लाकडी खांब, लग आणि कडीपाट बघायला मिळतात ते इथे. मोजपट्टी काढून दोन खांबांमधलं अंतर घ्यावं, नसेल तर पावलांनी. मग खाली उतरून जोत्यांवर फिरावं. जिथे तळखडे जागेवर आहेत तिथे खण मोजावेत, रुंदी किती खण आणि लांबी किती हे बघावं, पाणी वाहून नेणाऱ्या दगडी पन्हळी कुठून कुठे जातात ते पाहावं. तीन खण रुंद आणि मधे खांबांच्या दोन रांगा असतील तर बहुधा दिवाणखाना, एक खणी लांबट पट्टी म्हणजे ओसरी किंवा ये-जा करायची जागा, पन्हळीला लागून असलेला दगडी चौकोन म्हणजे न्हाणी किंवा हौद. अंदाज आधी बांधावा आणि पाटी नंतर वाचावी. पाटी नसेल तिथे तर हे फारच छान जमतं.